फिकट पिवळा जिल्हा

माझा पगार मी स्वतःच्या हाताने कमी केला. मला कुणी फसवलं नाही, कुणी भरीस घातलं नाही. एक नकाशा काढला, त्यात रंग भरला, आणि पुढच्या महिन्यापासून पगार कमी आला.

नकाशे काढणं हा माझा धंदा. नांदेडात हे कुणाला समजावून सांगायचं म्हणजे चहाचे दोन कप जातात. आधी सगळ्यांना वाटतं, मी मोजणी खात्यात आहे. लांबचे पाहुणे येतात, बसतात, आणि उठता उठता हळूच म्हणतात, "भाऊ, शेजाऱ्यानं बांध कोरलाय. एखाद्या रविवारी येऊन मोजून द्या ना." मी सांगतो की मी शेतात जात नाही, घरात बसून कॉम्प्युटरवर काम करतो. मग त्यांना वाटतं, मी घरांचे प्लॅन काढतो. "बरं मग, आमच्या वरच्या मजल्याचा काढा." तेही नाही म्हटल्यावर ते माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. मी सांगत राहतो: उपग्रहाचा फोटो येतो, त्यातले रस्ते, नाले, तळी, विजेचे खांब बघून आम्ही त्यावर रेघा मारतो. पाहुणे विचारतात, "अन् ह्याचा पगार देतेत?" हा प्रश्न आजवर प्रत्येकानं विचारला आहे, आणि त्यातलं आश्चर्य प्रत्येक वेळी खरं असतं.

पगार देतात. आमच्या कॉलनीत फरश्या बसवायला येणाऱ्या मिस्त्रीला एकदा गप्पांच्या भरात तो किती ते सांगितलं, तर त्या दिवशी चहाचे पैसे त्यानं दिले.

तरीही माझा रुबाब होता, कारण कंपनी पुण्यात आणि मी नांदेडात. साथीच्या काळात घरून काम सुरू झालं तेव्हा आम्ही पुण्यातली भाड्याची खोली सोडून सामानासकट इकडं आलो, आणि नंतर कंपनी आम्हाला परत बोलवायचं विसरली. 'पुण्याचा पगार, नांदेडचा खर्च' हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलं की बायको म्हणाली, "एक पाटी करून दारावर लावा, बोलायचा त्रास वाचेल." घरमालक माझ्या वडिलांचे विद्यार्थी, त्यामुळं भाडं वाढवा म्हणायला त्यांची जीभ रेटत नाही. तुरीची डाळ आणि ज्वारी सासुरवाडीहून येते, ती चाकूरजवळ. बायको खासगी शाळेत शिकवते. तिचा पगार निघेल तेव्हा निघतो. खर्च म्हणावा असा एकच, मुलीचा. ती लातूरला अकरावीला आहे. मराठवाड्यात ज्याच्या पोराला दहावीला बरे मार्क पडतात तो त्याला लातूरला नेऊन ठेवतो, तसं आम्हीही ठेवलं. तिथं तिची एकटीची खोली आहे, खिडकीवाली, आणि खालीच मेस. महिन्याला बायको जाऊन तिला भेटते, मेसवाल्या काकूंना खोलीचे आणि जेवणाचे रोख पैसे देते आणि परत येते. यात माझा संबंध पैसे बँकेतून काढून बायकोच्या हातात देण्यापुरता.

तर असा मी सुखात असताना पुण्याहून साहेबांचा फोन आला. साहेब माझ्याहून वयानं लहान, पण माणूस सभ्य. म्हणाले, "आपले लोक आता बऱ्याच गावांहून काम करतात ना. कुठल्या जिल्ह्यात राहायला किती खर्च येतो, याचा एक छान नकाशा करून द्याल का? वरच्या लोकांना दाखवायचाय."

कशासाठी दाखवायचाय, हे मी विचारलं नाही. मी फक्त 'छान' एवढंच ऐकलं.

ज्यानं त्यानं आपापल्या जिल्ह्याचा खर्च कळवायचा होता. नांदेड माझ्याकडे, आणि पोरगी तिकडं म्हणून लातूरही माझ्याकडे. त्यासाठी पुण्यात तयार केलेला एक तक्ता आला. त्यात घरभाडं होतं, किराणा होता, मेट्रो होती, जिम होती, बाहेरून मागवलेलं जेवण होतं. पाण्याचे जार नव्हते. उन्हाळ्यात कूलरला लागणारी वीज नव्हती, इन्व्हर्टरची बॅटरी नव्हती, आणि लग्नसराईत आठवड्याला चार ठिकाणी द्यावा लागणारा आहेर तर नव्हताच. मी म्हटलं असतं तर चार रकाने वाढवता आले असते. पण मला शून्य लिहायची मजा वाटायला लागली होती. मेट्रो शून्य. जिम शून्य. एकाखाली एक अशी शून्यं बसवताना मला वाटत होतं, बघा लेकहो, आम्ही किती कमीत जगतो. भाडं मी देतो तेच लिहिलं, वडिलांच्या विद्यार्थ्याचं. डाळीपुढंही शून्य.

बायको बाजूला पेपर तपासत बसली होती. तिनं स्क्रीनकडं पाहिलं. "डाळ शून्य? अहो, माझा भाऊ पेरतो, फवारतो, काढतो, ते?"

"तो त्याचा खर्च. आपल्याला फुकट येते."

"अन् दिवाळीला त्याच्या लेकरांना आपण कपडे घेतो, ते कशात धरलं?"

"तसला रकाना नाही."

"मग बरोबर आहे," ती म्हणाली आणि पुढचा पेपर ओढला.

आता इथं धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कारण सगळा घोळ तिथं आहे. असा नकाशा करताना जिल्ह्यांना पाच रंग देतात. महाग जिल्हा गडद लाल, मग नारिंगी, आणि असं उतरत उतरत सगळ्यात स्वस्त तो फिकट पिवळा. कुठल्या आकड्यापाशी रंग बदलायचा, ती हद्द मात्र नकाशा काढणाऱ्यानं ठरवायची. आकडे खरेच असतात. रेघ कुठं मारायची ते आमच्या हातात.

पहिल्यांदा रंग भरला तेव्हा सगळा मराठवाडा पिवळा आला, फक्त लातूर तेवढं एक पायरी गडद आलं. तिथल्या खोल्यांची भाडीच तशी. पण दिसायला ते फार वाईट दिसत होतं. पांढऱ्या सदऱ्यावर पानाची पिचकारी उडावी तसं. मी मान तिरकी करून पाहिलं, लांबून पाहिलं, चष्मा काढून पाहिलं. शेवटी हद्द जराशी वर सरकवली. लातूर अलगद पिवळ्यात विरघळलं. अंबाजोगाईपासून किनवटपर्यंत कसं एकसारखं, पिकल्या ज्वारीसारखं दिसायला लागलं. वर चांगल्या अक्षरात मथळा टाकला, कोपऱ्यात उत्तरेचा बाण टाकला, आणि खाली नकाशाकार म्हणून स्वतःचं नाव. ते जरा मोठ्या अक्षरात.

मीटिंगमध्ये सगळ्यांनी वाहवा केली. पुण्याची एक मुलगी म्हणाली, "सर, तो पिवळा पट्टा किती सुंदर दिसतोय." मी फुगलो. म्हणालो, "आमच्याकडं पैसे खर्च करतो म्हटलं तरी जागा सापडत नाही." सगळे हसले. साहेब हसले नाहीत, ते काहीतरी लिहून घेत होते.

पुढच्या आठवड्यात मेल आला. यापुढं घरून काम करणाऱ्यांचा पगार ते राहतात त्या ठिकाणच्या खर्चाप्रमाणं ठरणार. पाच गट. सोबत नकाशा जोडला होता, माझाच. पाच गटांना रंगही माझेच ठेवले होते. पहिल्या गटाला काही फरक नाही, आणि मग उतरत उतरत आपण पाचव्याला पोचतो. पाचवा गट फिकट पिवळा. तिथं जेवढी कपात लिहिली होती, जवळजवळ तेवढेच पैसे आमचे लातूरला जात होते.

बायकोनं मेल दोनदा वाचला. नकाशाकडंही बराच वेळ पाहिलं. मग एवढंच म्हणाली, "मग पोरीला परत आणायचं का?"

हे तिनं भांडणाच्या सुरात म्हटलं असतं तर बरं झालं असतं. पोरीचं आत्ता कुठं बस्तान बसलं होतं. सुरुवातीचे दोन महिने फोनवर रडली, मग रडायची थांबली, मग चाचण्यांत वर सरकायला लागली. क्लासची फी आधीच भरलेली, ती काही परत मिळणार नव्हती. मधूनच उचलून आणलं असतं तर नांदेडात तिला कुणी शेवटच्या बाकावर घेतलं असतं, तेही उपकार म्हणून.

मी साहेबांना फोन लावला. "सर, आमचा खरा खर्च मुलीचा, तो लातूरला होतो. अन् लातूर तेवढं स्वस्त नाही हो."

"पण नकाशा तर तुम्हीच काढलाय."

"हो, पण..."

"रंग चुकलाय का?"

आता काय सांगणार? सदऱ्यावर डाग दिसत होता म्हणून हद्द सरकवली, असं? "डेटा जरा जुना होता," मी म्हणालो.

"मग ताजा आणा ना," साहेब म्हणाले. "चार ठिकाणची भाडी, मेसचे दर, पावत्या असतील तर उत्तमच. शनिवारी तिथूनच व्हिडिओ कॉल करा. मी वरच्या लोकांनाही घेतो. पटलं तर लातूर एक गट वर नेऊ, मुलीच्या खर्चासाठी तुम्हाला तो लावता येईल."

याहून सरळ माणूस काय बोलणार. मी शनिवारी पहाटेची लातूर गाडी पकडली.

निघण्याआधी घरात जाहीर केलं की आता डाळ विकत घ्यायची. पगार वाचवायचा तर डाळीपुढंही खरा आकडा दिसला पाहिजे. बायकोनं ते मेहुण्याला कळवलं नसावं, कारण चाकूरच्या स्टँडवर तो डाळीचं बाचकं घेऊन उभाच होता. मी खिडकीतून म्हणालो, "नको, या महिन्यात नको."

"कामून? मागची किडकी निघाली का?"

"नाही हो. पगाराचा प्रश्न आहे."

"पगार वाढला म्हून विकतची खाऊ लागलाव का आता?"

मी उत्तर जुळवतोय तेवढ्यात गाडी हलली आणि बाचकं खिडकीतून माझ्या मांडीवर आलं.

लातूरला पोचलो तेव्हा पोरगी क्लासला गेलेली. मेसच्या काकू दारातच होत्या. मला त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं, पण पोरीनं सांगून ठेवलं होतं, पप्पा येणार आहेत, नकाशांचं काम आहे त्यांचं. काकूंनी आधी खुर्ची पुसली, मग मला बसवलं, मग शिरा आणला. "घ्या साहेब." मी म्हणालो, अहो मी साहेब कसला. "असू द्या, असू द्या," काकू म्हणाल्या आणि वाटीत आणखी तूप सोडलं. मला वाटलं, काय माया आहे या गावात. वर मी म्हणतो लातूर महाग आहे.

शिरा खाऊन कामाला निघालो. तयारी मी झकास केली होती. उपग्रहाच्या फोटोवरून त्या भागाचा नकाशा छापून आणला होता, एकेक घर, एकेक वरचा मजला वेगळा दाखवलेला. हातात फाइल, शर्टाच्या खिशात पेन, कपाळावर चष्मा. घरांचा नकाशा घेऊन दारोदार 'भाडं किती घेता' विचारत कोण फिरतं, याचा विचार माझ्या डोक्याला शिवला नाही. घरपट्टीवाले फिरतात. पण ते मला नंतर कळलं.

पहिल्याच घरी बनियनवर एक काका आले. मी विचारलं, "वरच्या खोल्यांचं भाडं किती?"

काकांनी फाइलमध्ये वाकून पाहिलं. त्यात त्यांना त्यांचं घर सापडलं. वरचा मजलाही सापडला. "कसलं भाडं?"

"वर मुलं राहतात ना?"

"भाचे हायेत ते."

वरच्या गॅलरीत ओळीनं टॉवेल वाळत होते. मी ते बघत म्हणालो, "सगळेच?"

"हाव. बहिणी लई हायेत मला."

पुढच्या घरी एका आजींनी लेकरं काय देतील ते घेतो म्हणून सांगितलं. त्यापुढच्या घरी भाडं होतं, पण ते इतकं कमी सांगितलं की तेवढ्यात नांदेडला स्कूटर ठेवायला जागा मिळत नाही. मी त्यांच्या मागं लागलो. "अहो, नीट आठवा. जास्त असेल."

"न्हाई न्हाई. कमीच धरा."

"मी कुणाला सांगणार नाही."

हे ऐकल्यावर त्यांनी तेवढंही कमी केलं. भाडं जास्त सांगा म्हणून घरमालकांच्या विनवण्या करणारा लातूरच्या इतिहासात मीच पहिला असेन. आणि मी जसजसा विनवत गेलो तसतसं लातूर स्वस्त होत गेलं. दुपारपर्यंत फाइलमध्ये जे आकडे जमले ते पाहता, हे गाव फिकट पिवळ्यातही बसणार नव्हतं.

कॉलची वेळ झाली. आता एकच आधार उरला, काकू. त्या दर महिन्याला किती घेतात हे मला पाठ होतं. पावती त्या देत नसत, पण माणूस समोर उभा असताना पावती कशाला? मी मेसच्या टेबलावर लॅपटॉप उघडला. पडद्यावर साहेब आणि वरचे दोघं आले. मी घसा खाकरून म्हणालो, "सर, भाड्यांचं काम चालू आहे, पण मेसचं थेट मालकिणीकडूनच ऐका." आणि काकूंना हाक मारली.

काकू आल्या. पदर डोक्यावर घेतला. पडद्यावर शर्टवाले तीन जण बघून त्यांनी हात जोडले.

"काकू, साहेबांना सांगा, जेवणाचे आणि खोलीचे तुम्ही किती घेता ते."

काकूंनी माझ्याकडं पाहिलं. मी मान डोलावून धीर दिला. बोला, बिनधास्त बोला.

"काय घ्यायचं साहेब लेकरांकडून," काकू म्हणाल्या. "सेवा म्हून करतो. दिले कुणी तर ठिवतो, न्हाई तर न्हाई."

"काकू, आमच्या पोरीचं सांगा."

"हेंच्या पोरीकडून तर म्या रुपया घेतला न्हाई, साहेब. आपल्या घरचंच लेकरू हाय ते."

मी म्हणालो, "सर, घेतात. दर महिन्याला घेतात. रोख."

"कशाला असं बोलता साहेबांपुढं," काकू दुखावलेल्या आवाजात म्हणाल्या. "सकाळी शिरा खाल्लाव ना? पैसे मागितले का म्या?"

वरच्या दोघांपैकी एकानं तोंडावर हात धरला. साहेब मात्र शेवटपर्यंत सभ्यच राहिले. "ठीक आहे," ते म्हणाले. "तुमचा नकाशा तर थोडा जास्तच खर्च दाखवतोय असं दिसतं. याच्या खाली आपल्याकडं रंग नाही म्हणून बरं. नाहीतर पुन्हा विचार करावा लागला असता." आणि पडदा काळा झाला.

मी लॅपटॉप मिटला. काकू उजळल्या चेहऱ्यानं माझ्याकडं बघत होत्या. "नीट बोलले ना? कर लागत न्हाई ना आता?"

"काकू, तुम्हाला काय वाटलं, कोण होते ते?"

"तुमच्या खात्याचे मोठे साहेब. नगरपालिकेचे."

"मी खात्यात नाही काकू. खासगी कंपनीत आहे. तुम्ही खरे पैसे सांगितले असते तर माझा पगार वाचला असता."

काकूंना हे समजायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी पदर खांद्यावर घेतला. "म्हंजे तुमी सरकारी न्हाई."

"नाही."

"मग मला सकाळीच सांगायचं. एवढं तूप घातलं शिऱ्यात." आणि त्या आत गेल्या. आतून भांडी आदळल्याचा आवाज आला.

पोरगी संध्याकाळी आली. तिला सगळं सांगितलं, हद्द सरकवल्यापासून शिऱ्यापर्यंत. मला वाटलं होतं रडेल, निदान हसेल. तिनं दप्तर खाली ठेवलं आणि विचारलं, "म्हणजे मला घरी यावं लागणार?" आम्ही अजून ठरवलं नाही, असं मी म्हणालो. ती तडक आत काकूंकडं गेली. बराच वेळ दोघींचं हळू आवाजात काहीतरी चाललं होतं. बाहेर आली ती सगळं ठरवून. खाली स्वयंपाकघराला लागून चार मुलींची खोली होती, त्यातली एक खाट रिकामी होती. भाडं निम्म्याहून कमी पडेल. मेसचे थोडे कमी घेतील, त्याबदल्यात ती काकूंच्या धाकट्या मुलाचं गणित घेणार. एवढ्यात भागेल का, विचारत होती. मी मनात हिशेब केला. कापलेल्या पगारातही भागत होतं, थोडं ओढून ताणून.

"तिथं अभ्यास होईल का तुझा? खिडकी नाही तिथं."

"होईल."

वरच्या खोलीतून आम्ही तिचं सामान खाली आणलं. गादी मी घेतली, पुस्तकं तिनं. भिंतीवर चिकटवलेलं वेळापत्रक तिनं नखानं कोपरे उचलून, न फाडता, सावकाश काढलं. नव्या खोलीत तिच्या खाटेलगतची भिंत पलीकडच्या चुलीनं कोमट झालेली होती. बाकीच्या तिघींनी आपली पुस्तकं सरकवून तिला जागा करून दिली. मी मधोमध गादी धरून उभा, कुणाच्या वाटेत येऊ नये म्हणून इकडं तिकडं होत होतो आणि प्रत्येकीच्या वाटेत येत होतो.

गाडीची वेळ झाली तशी ती मला फाटकापर्यंत सोडायला आली. मला काहीतरी बापासारखं बोलायचं होतं. म्हणालो, "तू काळजी करू नको. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येतो. काकूंशी नीट बसून बोलतो, साहेबांशीही एकदा बोलतो."

तिनं फाटकाची कडी लावून घेतली.

"पप्पा, तुम्ही आता कुणाशीच बोलू नका. मम्मीला पाठवा."